फरशीवरची कुरकुर

नाचणगावच्या आमच्या नव्या घरात बुद्धवंदना झाली, त्या दिवसापासून फरशी वाजायला लागली. रोज दुपारी स्वयंपाकघरापासून दारापर्यंत कुरकुर यायची, कोणी हळूहळू चालत असल्यासारखी. चालणारं कोणी नसायचं.

मी वैतागून मिस्त्रीला बोलावलं. त्याने ठोकून पाहिलं, पोकळ फरशा काढून पुन्हा बसवल्या आणि वर ओली पोती अंथरली. "पक्की होईपर्यंत पाय नका देऊ," म्हणाला.

तो जाताच पोत्यांखालून कुरकुर आली.

"उद्या सारी फरशीच उखडतो!" मी ओरडलो.

"काऊन ओरडून राह्यले जी?" पौर्णिमा, माझी बायको, हळूच म्हणाली. "पोरीकडे पाहा ना."

आमची प्रज्ञा तीन वर्षांची झाली तरी एकदाही उभी राहिली नव्हती. ती त्या आवाजाकडे पाहून हसत होती. मग भिंत धरून उठली. भिंत सोडली आणि पोत्यांवरून चालत निघाली.

मिस्त्रीचं बोलणं आठवत होतं, पण मी तिला अडवलं नाही.

तिच्या शेजारचं ओलं पोतं पावलागणिक दबत होतं. तिचा उजवा हात वर होता. मूठ मिटलेली होती, पण पूर्ण नाही. मध्ये एका बोटाएवढी जागा होती.