तीन पेडांचं नाव

“ज्या ऑपरेशनचं नाव मला घेता येत नाही, त्याला मी पोटाला हात लावू देणार नाही!” आई कॉटवर मांडी ठोकून बसली. पित्ताशय काढायचं होतं, नाव कोलेसिस्टेक्टॉमी. ते उच्चारताना मुलाचीच बोबडी वळत होती आणि डॉक्टर म्हणत होते, “उशीर केलात तर जिवावर बेतेल.” नर्स मात्र निवांतपणे आईची वेणी घालू लागली. “आजी, हा पेड ‘कोले’, म्हणजे पित्त. हा ‘सिस्ट’, पिशवी. हा ‘एक्टॉमी’, काढून टाकणं. आता गुंफा बघू.” आईनं वेणीबरोबर शब्दही गुंफला आणि ऐटीत सही ठोकली. ऑपरेशननंतर बराच वेळ ती हलली नाही. मुलाच्या तोंडचं पाणी पळालं. मग तिची बोटं वेणीवरून सरकली, पेडामागून पेड. “कोलेसिस्टेक्टॉमी,” कवळीशिवाय ती स्वच्छ म्हणाली. मुलाचे हात आपोआप जुळले. आईनं त्याला फर्मावलं, “आता तू म्हणून दाखव!”