चौघींची खोली

गुणवत्ता यादीत पहिली आलेली धडगावची रोशनी पावरा वसतिगृहाच्या कार्यालयात आली. रेक्टर म्हणून मी तिला नव्या इमारतीतल्या स्वतंत्र खोलीची चावी दिली.

"मॅडम, जुन्या इमारतीत चौघींची खोली मिळेल का?"

"ती कुणीच मागत नाही. अभ्यास कसा होणार तिथं?"

"अभ्यास होईल. मला इंग्रजी वाचता येतं, बोलता येत नाही. एकटी राहिले तर बोलणार कुणाशी?"

ती मुंबईच्या, आपसात इंग्रजीच बोलणाऱ्या तिघींसोबत राहिली. सुरुवातीला त्या तिच्या चुकांवर हसत. ती विचारायची, "मग बरोबर कसं म्हणायचं?"

डिसेंबरमध्ये तिनं भरल्या सभागृहात इंग्रजीतून प्रकल्प मांडला. परीक्षकांचा एक प्रश्न तिला कळला नाही. "पुन्हा सांगाल का?" तिनं इंग्रजीतच शांतपणे विचारलं आणि नेमकं उत्तर दिलं. माझ्या शेजारी तिघींनी एकमेकींचे हात घट्ट धरले होते. ते तेव्हा कुठे सुटले.