बाराचे ठोके

“आज आणखी एक,” कॉफीच्या दुकानातली नेली कप विसळता विसळता पुटपुटली. हळू बोलायची तसदी तिनं घेतली नाही.

रेनाटनं ऐकलं आणि टोपी काढून मांडीवर ठेवली. तो एकाच कामासाठी आला होता. या गावच्या मनोऱ्यातल्या घंटा दुपारी बाराला एक गाणं वाजवतात. त्याची बायको एल्सा इथली. बटाटे सोलताना जन्मभर तीच चाल गुणगुणायची. “माझ्यासाठी एकदा खरं ऐकून ये,” असं जाण्याआधी म्हणाली होती.

नेलीनं एकच कॉफी आणली. रेनाटनं कप समोरच्या गोडेलिव्हकडे सरकवला. सकाळी ही बाई स्टेशनवर आपणहून पुढे आली होती. रात्रभर डोळ्याला डोळा लागत नाही, म्हणून सकाळी तिथवर पाय मोकळे करते, म्हणाली. “मी इथलीच. चला, गाव दाखवते.”

नेलीनं कप उचलला आणि परत रेनाटपुढे आदळला.

“अजून एक मिळेल?”

“दूध संपलंय.”

“काळी चालेल.”

“पाणीही संपलंय.”

बाहेर आल्यावर गोडेलिव्ह म्हणाली, “गाव जरा तिरसट आहे. मनावर घेऊ नका.”

कालव्यावर होडी रिकामी डुलत होती. नावाडी म्हणाला, “जागा एकाचीच आहे.” आणि पाइप पेटवत बसला. ख्रिस्ती जोगिणींच्या जुन्या वस्तीत एक म्हातारी खिडकीशी लेस विणत होती. रेनाटनं नमस्कार केला, तशी तिनं खिडकी लावून घेतली.

गोडेलिव्ह मात्र प्रत्येक पांढऱ्या भिंतीची गोष्ट मायेनं सांगत होती. परक्याचा एवढा दुस्वास करणाऱ्या गावात माणुसकी असलेली ही एकटीच, रेनाटला वाटलं. एल्सा इथून का निघाली असेल, तेही कळल्यासारखं झालं.

बाराला दोघं चौकात उभे होते. घड्याळाचे काटे एकमेकांवर आले. कबुतरं फडफडली. पुढे काहीच नाही.

“बिघडल्यात हो,” गोडेलिव्ह म्हणाली. “जुन्या झाल्या. चला, सूप प्या माझ्याकडे. हे काय, मनोऱ्याला लागूनच घर.”

मनोऱ्याच्या पायरीवर घंटा वाजवणारा ओमेर पाव खात बसला होता. रेनाट त्याच्यापाशी गेला.

“दुरुस्त कधी होतील? माझ्या बायकोची इच्छा होती. ती आता नाही. मला पुन्हा यायला जमेलच असं नाही.”

ओमेरचा घास तोंडातच थांबला. त्यानं गोडेलिव्हकडे पाहिलं.

“चला ना,” तिनं रेनाटची बाही ओढली. “सूप निवेल.”

“थांबा बाई,” ओमेर उठला. “पाहुण्यांपुढे गावाची लाज नको म्हणून आम्ही सगळे गप्प बसतो. पण या माणसाला मी खोटं सांगणार नाही. साहेब, घंटा ठणठणीत आहेत. दुपारची झोपमोड होते म्हणून या बाईंनीच कोर्टात जाऊन त्या बंद करून घेतल्यात.”