लिलाबाईचा भाऊ

चिखल उपसणारं पोकलेन सकाळीच खाली नेलं. मंत्र्यांच्या गाड्या लावायला जागा हवी होती. लावणी झालेलं भाताचं खाचर त्यानं सपाट केलं आणि तिथंच सोंड टेकून उभं राहिलं. वर, जिथं वाडी होती, तिथं आता नुसता तांबडा चिखल. त्याच्या पोटात पल्लवी.

पल्लवीची आई, लिलाबाई, चिखलाच्या कडेला बसली होती. रडत नव्हती. तिच्याभोवतीच्या बायकाही रडत नव्हत्या. तोंड पाहिल्याशिवाय माणसाला रडायचं नाही, हा वाडीचा कायदा. रडलं की ते मेलं. काल याच दरडीखालून एक शेळी जिवंत निघाली होती. शिवाय रडण्याच्या आवाजात खालची हाक बुडाली तर? म्हणून सगळ्या गप्प, मातीकडं कान लावून.

मंत्र्यांचा माणूस मनीष बूट जपत, दगडादगडावर पाय टाकत वर आला.

"मावशी, खाली चला. साहेब पोचतायत. पुढच्या खुर्चीत बसायचंय तुम्हाला."

"मशीन वर धाडा. मंग येती."

"ते साहेबांनाच सांगा ना. त्यांच्या एका शब्दाचं काम आहे." मग त्यानं आवाज उतरवला. "आणि जरा मोकळ्या व्हा हो त्यांच्यासमोर. असं दगडासारखं बसू नका. रडलं की हलकं वाटतं."

"कुनाला? तुमच्या कॅमेऱ्याला?" शेजारची साळूबाई म्हणाली.

लिलाबाई उठली. एका शब्दाचं काम होतं. त्या शब्दासाठी ती उतरली.

मांडव भुकूमहून आणलेला, लग्नातला. झालरीवरचे गुलाबी गुलाब पांढऱ्या कापडानं झाकले होते, तरी ते खालून डोकावत होते. मंत्री आले. कार्यकर्त्यांनी हार घातला. "अशा प्रसंगी हार कसला," असं मंत्री म्हणाले आणि तो गळ्यातच राहू दिला.

"निसर्गापुढं कुणाचं काय चालतं?" त्यांनी माईकवर विचारलं.

त्यांच्या पाठीमागं, दरडीच्या डोक्यावर, बंगल्यांसाठी डोंगर कापून काढलेला रस्ता सगळ्या मांडवाला दिसत होता.

"त्यो रस्ता निसर्गानं काढला व्हय, सायेब?" म्हातारा सावळ्या मागून म्हणाला. "मागल्या पावसात डोंगराला भेग पडली, तवाच सांगून आलो हुतो आमी."

"समिती नेमली आहे, बाबा. दोषी कितीही मोठा असो." मंत्र्यांचा चेहरा गंभीर झाला. ते त्यांना चांगलं जमत होतं.

मनीषनं लिलाबाईला कोपरानं खुणावलं. ती उभी राहिली.

"सायेब, माजी ल्येक मातीखाली हाय. मशीन वर धाडा."

मंत्री स्टेजवरून उतरले, तिच्यापाशी आले. कॅमेरेही आले.

"ताई, मला तुमचा भाऊ समजा. सरकार तुमच्या पाठीशी आहे."

"भाऊ तर भाऊ. मशीन धाडा."

मंत्र्यांनी बाजूच्या अधिकाऱ्याकडं पाहिलं. अधिकारी कानाशी लागला. "सर, वाट एकच आहे. ते मधे आलं तर आपल्या गाड्या अडकतील. पुढं हिंजवडीचं उद्घाटन आहे."

"आम्ही निघालो की लगेच धाडतो, ताई," मंत्री म्हणाले. "पत्रकारांशी जरा बोलून घेतो. तासाभराचा तर प्रश्न आहे." आणि त्यांनी हात जोडले.

लिलाबाईनं त्यांच्याकडं पाहिलं. पायांपासून वर, हारापर्यंत. मग तोंडाकडं, सावकाश, काही राहून जाऊ नये तसं. मग ती मटकन खाली बसली, कपाळावर हात मारला, आणि तिनं गळा काढला.

मनीषचा जीव भांड्यात पडला. "घे, घे, जवळून घे," तो कॅमेरेवाल्याला म्हणाला.

"कवा रं गेलास भावाऽ, न्हाई कळालं कुनाला,
हार घालून मढ्याला, कुनी बशिवलं खुडचीलाऽ..."

साळूबाईला आधी कळलं. तिनं लिलाबाईच्या गळ्यात हात टाकला आणि सूर धरला. मग एकेक करून वाडीच्या सगळ्या बायका खाली बसल्या. परवापासून आवळून धरलेलं सगळं त्या सुरात येऊन मिळालं.

"डोळं तुजं उगडं रंऽ, म्होरं चिखूल दिसंना,
ल्येक माजी हाळी देतीऽ, तुला आयकाया यिनाऽ..."

"अहो, कुणाला रडताय तुम्ही?" मनीष ओरडला. "मावशी! साहेब समोर उभे आहेत!"

"व्हय रं लेकरा," साळूबाई डोळ्यांना पदर लावून म्हणाली. "उभ्या उभ्याच गेला बघ."

मंत्र्यांचा हात हाराकडं गेला आणि तिथंच राहिला. काढावा तर दिसेल, ठेवावा तर दिसतोच आहे. कॅमेरे चालू होते.

मागून सावळ्या म्हातारा पुढं आला. वहाणा त्यानं मांडवाबाहेर काढल्या होत्या, टोपी हातात होती. रिकाम्या खुर्च्यांकडं न बघता तो मनीषच्या पायांपाशी जमिनीवर उकिडवा बसला. मग मयताच्या दारात घरच्या कर्त्याला विचारतात, तशा दबक्या, मायेच्या आवाजात त्यानं विचारलं,

"मंग, न्यायचं कवा?"