भरलेलं अंग

तिसगावच्या पुढं दुष्काळी कामावर नर्सबाई आली, तेव्हा छबूबाईनं स्वतःच सुनेला दंडाला धरून पुढं केलं. खरं तर तिला मिरवायचंच होतं. त्या साली कामावरच्या बायांची पार चिपाडं झाली होती आणि हिची चांगुणा तेवढी आठव्या महिन्यात टरटरून भरलेली. पाय तर पायांसारखे राहिलेच नव्हते.

माझ्या हातचं खाणं लागलं तिला, असं छबूबाई कालच खडी फोडता फोडता सगळ्यांना ऐकवून झाली होती. खाणं कसलं! पाय भरायला लागले तसा तिनं हात आखडता घेतला होता. दोन वेळची मिळून एक भाकर. कामावर मिळायची ती सरकारी सुकडीसुद्धा अर्धी काढून घ्यायची. सुनेनं असंच अंग धरलं तर पोटातलं पोर थोराड होईल, बाळंतपणाला अडेल, ही धास्ती. बाकीचं ती स्वतः खात होती असं मात्र कुणी म्हणू नये. ते लेकाच्या भाकरीच्या फडक्यात जायचं.

नर्सबाईनं चांगुणाच्या नडगीवर अंगठा दाबला आणि उचलला. तिथं खळगा पडला, चिखलात पडावा तसा. छबूबाई तो भरून येईल म्हणून बघत राहिली. तो भरेना. शेजारच्या बायांच्या हातोड्या थांबल्या.

नर्सबाईनं पापणी ओढून पाहिली. डोकं दुखतं का, विचारलं. चार दिवस झाले, चांगुणा म्हणाली, आणि डोळ्यापुढं अंधारी येते. नर्सबाईनं मुकादम आसारामला ओव्हरशियरची जीप आणायला पिटाळलं. हे मांस नाही, सूज आहे, ती छबूबाईला म्हणाली. अंगात रक्त उरलेलं नाही. आजच्या आज नगरला नेली नाही तर आई आणि मूल, दोन्ही हातची जातील.

छबूबाईनं धरलेला सुनेचा दंड सोडला.

"पोटाला काय खाते ही?" नर्सबाईनं विचारलं.

पोटभर खाते, चांगुणा खाली मान घालून म्हणाली.

छबूबाईनं सुनेकडं बघितलं. गप्प बसली असती तर कुणाला कळायचंही नव्हतं. पण तिच्यानं गप्प बसवेना.

"खोटं बोलती ती, बाई. मीच अर्धं देत हुते."

चाळीस बाया ऐकत होत्या. का, म्हणून नर्सबाईनं विचारलं, तेव्हा छबूबाईनं आपल्या लेकीचं, रतनचं सांगितलं. तीन वर्षांपूर्वी ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती. बाळंत व्हायच्या आधीच गेली. पोर मोठं झालेलं, म्हणून अडली, असं सुईण म्हणाली. तेव्हापासून छबूबाईनं कानाला खडा लावला होता. सुनेचं तसं होऊ द्यायचं नाही, हात वेळेवर आखडायचा.

"मावशी," नर्सबाईनं हळूच विचारलं, "रतनचंही अंग असंच भरलं होतं?"

व्हय, छबूबाई म्हणाली. लई भरलं होतं. हातातल्या बांगड्या फोडून काढाव्या लागल्या. डोकं धरून बसायची. शेवटी आकड्या यायला लागल्या, आणि...

बोलता बोलता ती थांबली. सुनेच्या नडगीवरच्या खळग्याकडं बघायला लागली.

जीप आली. बायांनी चांगुणाला उचलून मागं निजवलं. नर्सबाई पुढं बसली. छबूबाई कशीबशी चढली आणि तिनं सुनेचे पाय मांडीवर घेतले. चांगुणा तिचा हात धरून म्हणाली, आत्याबाई, तुम्ही मुद्दाम थोडंच केलं?

छबूबाईला ते ऐकूच आलं नाही.

"रतन लई लाडाची माझ्या," ती म्हणाली. "अंग भरलं तशी तिला तर मी चतकोरच द्यायची."