तुलनेचं शेत

बांधाच्या पलीकडे धाकट्या जावेचं शेत, अलीकडे थोरलीचं. पाच वर्षांपूर्वी परदेशी संशोधन प्रकल्पाने चिठ्ठ्या टाकल्या. धाकटीच्या चिठ्ठीत नवं बियाणं निघालं. थोरलीने, तुलना करता यावी म्हणून, आपलं जुनंच पेरत राहायचं होतं. पदरी पडलं पवित्र झालं. एकीने अंग काढून घेतलं तर दोघींचंही बंद, हे सहीच्या वेळीच सांगितलेलं. पुढे धाकटीच्या घरावर मजला चढला, मग थोरली कुठल्या तोंडाने नाही म्हणणार?

आज प्रकल्पाचं मूल्यमापन करणाऱ्या बाई आल्या, तेव्हा थोरली आपल्या शेतात वाकून रोपं उपटत होती.

"प्रकल्पाचा फायदा झाला का?" बाईंनी वही उघडली.

"झाला की. बांधापलीकडे."

"तो तुमच्यामुळेच तर मोजता आला. निकाल बघून आणखी पाच वर्षांची मुदत मिळालीय."

थोरलीने हातातली हिरवीगार जुडी बांधावर टाकली.

"यंदा तण बरंच दिसतंय," बाई म्हणाल्या.

"तण कुठलं, बाई. मळणीला धाकटीचं बी इकडे सांडलं होतं, ते उगवलंय. माझ्या शेतात ते चालत नाही ना."