गुरुवारचा उपवास

निघताना हर्षदने घरभर सेन्सर बसवले: गादीखाली, फ्रीजच्या दाराला, गॅसपाशी, आईच्या मनगटावरसुद्धा. "तू उठलीस, जेवलीस, झोपलीस, सगळं मला कॅनडात कळेल." कळायला लागलं आणि त्याचे फोन बंद झाले. इंदुमतीबाईंना विचारण्यासारखं उरलंच काय होतं?

एका गुरुवारी चिडून त्यांनी गॅस पेटवला नाही की फ्रीज उघडला नाही. संध्याकाळी फोन खणखणला. "आई, बरी आहेस ना? दिवसभर काहीच खाल्लं नाहीस?" लेकाचा आवाज कापरा झाला होता. बाईंना भरून आलं. "अरे, उपवास आहे," त्यांनी थाप मारली, आणि मग कितीतरी वेळ गप्पा रंगल्या.

तेव्हापासून, जन्मात कधी एकादशी न केलेल्या बाई दर गुरुवारी कडकडीत उपाशी राहू लागल्या. फोनही येत राहिला.

या गुरुवारी मात्र तो आलाच नाही. पोटात कावळे ओरडायला लागले, तेव्हा त्यांनीच लावला.

"आई, मीटिंगला चाललोय. आणि हो, तुझा गुरुवार आता सिस्टिमला पाठ झालाय. तू जेवली नाहीस तरी ती मला उगाच घाबरवत नाही. कर तू निवांत उपवास!"